जुना हॅम सेट विकताय? आधी समोरच्याचं लायसन्स बघा

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या इंदिरानगरच्या कॉलनीत एक काका होते, जुने हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. मागच्या वर्षी ते गेले. आमच्यात असं कोणी गेलं की 'सायलेंट की' झाला म्हणतात. दिवाळीच्या साफसफाईत काकूंनी त्यांचं कपाट रिकामं करायला घेतलं तर त्यात एक एचएफ रिग (लांबवर बोलायचा मोठा सेट), दोन हँडी (हातात धरायचे छोटे सेट), पॉवर सप्लाय, अँटेना नीट जुळली का ते बघायचा एसडब्ल्यूआर मीटर आणि मोर्सची की (मोर्स संदेश ठोकायचं बटण) निघाली. मुलगा पुण्याहून आलेला, त्याने फोटो काढले आणि जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर टाकून मोकळा झाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, जुना टीव्ही विकतो तसंच त्याला वाटलं. संध्याकाळपर्यंत फोनवर फोन, मग काकू घाबरल्या आणि मला बोलावलं. मी प्रत्येकाला एकच विचारलं, तुमचा कॉलसाईन (लायसन्सबरोबर मिळणारी हॅमची ओळख) काय? एकालाही सांगता आला नाही.

म्हणूनच हे पत्र लिहितोय, कारण हॅम सेट ही साध्या रेडिओसारखी नुसती ऐकायची वस्तू नाही, त्यातून बोलता येतं, आणि असा ट्रान्समीटर विनालायसन्स नुसता घरात ठेवायलासुद्धा परवानगी नाही, १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासूनची ही गोष्ट आहे. लायसन्स दूरसंचार खात्याचा डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) विभाग देतो, त्यासाठी परीक्षा असते. म्हणजे आधी परीक्षा, मग लायसन्स, मग सेट. लोक नेमकं उलटं करतात, आधी सेट घेतात आणि मग लायसन्सचं बघू म्हणतात.

फोन करणाऱ्यांत दिंडोरीकडचे एक द्राक्षवाले दादा होते. पॅकहाऊस ते बाग, माणसांशी बोलायला दोन्ही हँडी पाहिजेत म्हणाले, पैसे लगेच देतो. माणूस सरळ होता, मी त्यांना नीट समजावलं की दादा हॅम लायसन्स धंद्यासाठी चालतच नाही, तुम्ही परीक्षा देऊन पास झालात तरी त्यावर मजुरांना कॅरेट आणा म्हणून सांगता येणार नाही. आणि या हँडीत नुसत्या हॅमच्या फ्रिक्वेन्सी नसतात. आपल्याकडे हॅमला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ दिलेत, पण बाजारातल्या स्वस्तातल्या चायनीज हँडी १३६ ते १७४ सगळीकडे बोलतात, त्यात दुसऱ्या सेवांचे चॅनल असतात, चुकून बटण दाबलं आणि कुणाच्या कामाच्या बोलण्यात शिरलात तर काय सांगणार? त्यांच्या कामाला ४४६ मेगाहर्ट्झवाले लायसन्स न लागणारे कमी पॉवरचे वॉकीटॉकी बरोबर, फक्त त्यावर ईटीए म्हणजे सरकारी मंजुरी आहे का ते बघून घ्यायचं. त्यांना पटलं.

ऑनलाईन दिसतं म्हणजे कायदेशीरच असणार, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकीच्या बेकायदा विक्रीवरून १३ ई-कॉमर्स प्लॅटफॉर्मना नोटिसा दिल्या आणि त्याच महिन्यात त्यासाठी गाईडलाईन्सही काढल्या. मोठ्या कंपन्यांना हे लागू होतं तर आपण घरातला सेट विकताना निष्काळजी राहून कसं चालेल.

मी स्वतः जुना सेट घेताना देताना एक पद्धत पाळतो. समोरच्याच्या लायसन्सची झेरॉक्स आणि ओळखपत्र घ्यायचं, लायसन्सवरचं नाव आणि समोर उभा असलेला माणूस एकच आहे ना बघायचं, आणि साध्या कागदावर मेक, मॉडेल, सिरीयल नंबर, तारीख लिहून दोघांनी सह्या करायच्या. सिरीयल नंबर खरवडलेला असेल तर कितीही स्वस्त असू दे, हात लावायचा नाही. सेट आपल्या डोळ्यांसमोर डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायची वस्तू, म्हणजे लहरी बाहेर जात नाहीत) चालवून बघायचा. आधीच्या मालकाने हॅम बँडच्या बाहेर बोलता यावं म्हणून तो 'ओपन' केलाय का हेही स्पष्ट विचारायचं. लाजायचं नाही, खरा हॅम अशा प्रश्नांनी कधीच चिडत नाही. आणि ज्यांच्या घरातला हॅम गेलाय त्यांनी सेट भंगारात घालू नये की ॲपवरही टाकू नये, त्यांच्या ओळखीच्या एखाद्या लायसन्सवाल्याला बोलवावं, त्यांच्या डायरीत, लॉगबुकात नावं सापडतातच.

२६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं, फोन बंद पडले, तेव्हा हॅम लोकांनी आपले सेट नेऊन निरोप पोचवले. २०२७ ला आपल्याकडे सिंहस्थ आहे, रामकुंडावर पर्वणीच्या गर्दीत मोबाईल कसा जाम होतो हे नाशिककरांना सांगायला नको. तेव्हा शिकलेले, लायसन्सवाले हॅम शहरात असायला हवेत. एका चुकीच्या हातात गेलेल्या हँडीमुळे सगळ्या हॅमवर संशय आला तर हे कसं होणार?

तुमच्या पेपरला विनंती आहे, हॅमची परीक्षा कशी द्यायची यावर एकदा सविस्तर छापा. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेलं पोरगंही बसू शकतं आणि अर्ज दूरसंचार खात्याच्या सरल संचार पोर्टलवर करता येतो, हे आपल्या शाळांपर्यंत पोचलेलंच नाही.

मुलाने ॲपवरची जाहिरात त्याच रात्री काढली. आमच्याच भागातला इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी सध्या परीक्षेची तयारी करतोय. काकूंनी सांगितलंय, तो पास होऊन लायसन्स हातात आलं की काकांची रिग त्याला अर्ध्या किमतीत, मोर्सची की मात्र त्या देणार नाहीत.

- एक हॅम, इंदिरानगर, नाशिक