बोलेरोवरची पाटी आणि शाळेतली खिचडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात कराडच्या कोल्हापूर नाक्यावर एक पांढरी बोलेरो उलट्या बाजूने घुसली. काचेमागे लाल पाटी : 'मानवाधिकार, तालुका उपाध्यक्ष'. पोलिसाने पाटी वाचली आणि तोंड फिरवले. आपल्या भागात मानवाधिकार म्हटले की आता हेच डोळ्यांपुढे येते. गळ्यात ओळखपत्र, गाडीला पाटी आणि टोलवर हुज्जत.

म्हणून मुद्दाम लिहितो आहे. यंदाच्या ऑक्टोबरात पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज, म्हणजे पीयूसीएल, या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेला ५० वर्षे पूर्ण होतात. आणीबाणी चालू असताना, १९७६ मध्ये, जयप्रकाश नारायण यांनी ती काढली. सोबत होते माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे. ते सासवडचे, म्हणजे नीरा ओलांडली की आपले शेजारीच. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की, आणीबाणीत डांबलेल्या माणसाला सुटकेसाठी कोर्टातही जाता येणार नाही. ते दिवस ज्यांनी पाहिले, त्यांना अशा वेळी अशी संघटना काढणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

कराडचा धागा त्याच्याही आधीचा. डिसेंबर १९७५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या गावात भरले. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, तेव्हाचे परराष्ट्रमंत्री. अध्यक्ष दुर्गा भागवत. अटकेतून नुकतेच सुटलेले जेपी, म्हणजे जयप्रकाश, मुंबईत आजारी होते, आणि दुर्गाबाईंनी भर संमेलनात त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थनेचे आवाहन केले. पुढे दुर्गाबाईंनाही अटक झाली. माझे वडील त्या मांडवात होते. सरकारी नोकर माणूस. घरी आल्यावर त्यांनी आधी दार लावून घेतले, मग आईला हे सांगितले. दार का लावता, असे मी विचारले, तर गप्प बस म्हणाले. यशवंतरावांचा आम्हा कराडकरांना अभिमान आहे आणि असायलाच हवा. पण त्याच मांडवातली ही गोष्टही आपलीच आहे, ती आपण सांगत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. एके काळी पोषण आहार म्हणजे कोरडा तांदूळ. महिन्यात ८० टक्के हजेरी भरली तर मुलाला ३ किलो. पोती फोडायची, ताणकाट्यावर मोजायचे, पिशव्या भरायच्या. ऊसतोडीला आलेल्यांची पोरे हंगामात शाळेत येत. पण आज फडात, उद्या शाळेत. त्यांची हजेरी कुठली भरायला? त्यांच्या पिशव्या रिकाम्याच. २००१ मध्ये राजस्थानात दुष्काळ होता, लोक उपाशी होते आणि सरकारी गोदामांत धान्य पडून होते. तिथल्या पीयूसीएलने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २८ नोव्हेंबर २००१ ला आदेश आला : तांदूळ नको, शिजवलेले जेवण द्या, रोज किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षातले किमान २०० दिवस.

पुढे आमच्या शाळेत चूल पेटली तेव्हा आम्हीच कुरकुरलो होतो. शिकवायला नेमलंय की आचारी म्हणून? सरपण ओले, डाळ उशिरा, शिवाय जेवण चाखून नोंद करायचे चवीचे रजिस्टर वेगळेच. पण ऊसतोडकऱ्यांच्या कोपीवरून, म्हणजे पाचटाच्या खोपटातून, येणारी दुसरीतली एक मुलगी मला अजून आठवते. अर्धी खिचडी खायची, उरलेली डब्यात भरून झाकण दाबून दाबून लावायची. धाकट्यासाठी, म्हणाली. त्यानंतर शिजवणाऱ्या बाई तिच्या ताटलीत न सांगता एक डाव जास्त टाकायच्या. तो रजिस्टरात नसायचा.

निवडणुकीच्या कामातही या संघटनेशी गाठ पडली, तेव्हा कळले नाही एवढेच. पूर्वी कोणालाच मत द्यायचे नसेल, तर मतदाराने केंद्राध्यक्षाला तसे सांगायचे, मग ४९-ओ नियमाखाली नोंदवहीत शेरा मारून त्याची सही घ्यायची. सगळ्या पक्षांचे एजंट कान टवकारून बसलेले. माझ्या केंद्रावर एका शेतकऱ्याने हे केले. मतदान यंत्रे उचलायच्या आत पारावर त्याचे नाव पोहोचले होते. पीयूसीएलच्याच याचिकेवर २७ सप्टेंबर २०१३ ला निकाल लागला आणि यंत्रावर 'नोटा'चे बटण आले. आता कोणाला कळत नाही.

एवढे करूनही तालुक्यात दहा जणांना विचारा, नऊ जणांना नाव माहीत नसेल. दोष संघटनेचाही आहे. नाव इंग्रजी, भाषा वकिली, बैठका शहरांत. ती पोकळी मग बोलेरोवाल्यांनी भरली.

आपल्या दैनिकाला विनंती एवढीच की, १९७५ च्या त्या संमेलनाला हजर असलेली माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. कराड, पाटण, वाळवा भागात अजून काही जण भेटतील. ऑक्टोबर उजाडण्याआधी आपल्या वार्ताहरांना त्यांच्याकडे पाठवावे. माझे वडील आता नाहीत, नाहीतर पहिला पत्ता मीच दिला असता.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
ता. कराड, जि. सातारा