पीडीएफमधली मराठी दिसते, पण शोधली तर सापडत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पुस्तकांची अक्षरजुळणी करते. काही महिन्यांपूर्वी एका शिक्षकांचा फोन आला. ते दृष्टिहीन आहेत आणि स्क्रीन रीडरच्या आधारे, म्हणजे संगणकाकडून मजकूर वाचून घेऊन, वाचन करतात. मी जुळवलेल्या एका पुस्तकाची पीडीएफ त्यांनी उघडली होती. त्यांच्या कानावर पडत होते ते मराठी नव्हतेच. वेलांट्या सुट्या पडत होत्या, रफार भलत्या जागी जात होते. मला आधी पटेना, कारण माझ्या पडद्यावर पान नीटनेटके होते आणि छापील प्रतही तशीच उतरली होती. त्यांनी सुचवले म्हणून ‘विद्यार्थी’ हा एक शब्द पीडीएफमधून कॉपी केला आणि साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट केला. उमटले ते असे: ‘िवद्याथीर्’.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. जी कोणी मंडळी मराठी पीडीएफ तयार करतात, त्यांच्यापर्यंत तो पोहोचावा म्हणून हे पत्र.

पीडीएफ १९९३ साली आली ती पान कुठल्याही यंत्रावर जसेच्या तसे दिसावे म्हणून. त्यामुळे फाइलच्या पोटात मुळात नोंद असते ती आकारांची: या फॉन्टमधला अमुक क्रमांकाचा आकार पानावर अमुक जागी ठेवा. तो आकार म्हणजे कोणते अक्षर, हे सांगणारा तक्ता वेगळा जोडावा लागतो. रोमन लिपीत अक्षरे ज्या क्रमाने लिहितात त्याच क्रमाने दिसतात, तेव्हा एवढ्यावर बहुतेक भागते. देवनागरीत भागत नाही. ‘कि’ लिहिताना युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, आधी क असतो आणि मग पहिली वेलांटी, पण पानावर वेलांटी आधी येते. रफाराचे उलटे. ‘र्थी’मधला र् उच्चारात आणि युनिकोडमध्ये पहिला, आकार म्हणून मात्र तो शेवटी, ‘थी’च्या डोक्यावर जाऊन बसतो. फाइलने आकारांचाच क्रम मजकूर म्हणून पुढे केला की ‘िवद्याथीर्’ तयार होते. डोळ्यांना काहीच बिघडलेले दिसत नाही, आणि शोध, कॉपी, वाचन, अनुवाद सगळे कोलमडते.

मी पुस्तके झीलाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत करते. दोन दिवस फॉन्टवर संशय घेतला. एकामागून एक फॉन्ट बदलले, प्रणाली नव्याने बसवली, तरी फरक पडेना. मग सगळे पुस्तक बाजूला ठेवून एका पानाची, एका फॉन्टची, एका शब्दाची फाइल केली. खरे तर सुरुवातच तिथून करायला हवी होती. तीनशे पानांच्या फाइलमध्ये दोष शोधत बसणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे. त्या एका शब्दावर दोष लगेच उघडा पडला. आकारांच्या मागे मूळ मजकूर लपवून ठेवण्याची सोय पीडीएफमध्ये आहे, तिला ‘ॲक्च्युअल टेक्स्ट’ म्हणतात. झीलाटेक ज्यावर चालते त्या झीटेकमध्ये ती आपणहून चालू नसते. ‘जनरेट ॲक्च्युअल टेक्स्ट’ अशा नावाची आज्ञा आहे, तिची किंमत ० असते ती १ करावी लागते. एक ओळ घातली, फाइल पुन्हा काढली आणि नोटपॅडमध्ये ‘विद्यार्थी’ सरळ उतरले. लुआलाटेक ही तशीच दुसरी प्रणाली वापरणाऱ्यांनी फॉन्ट निवडताना रेंडरर (अक्षरांचे आकार जुळवणारा भाग) म्हणून ‘हार्फबझ’ आणि लिपी म्हणून देवनागरी सांगितली, तर हे काम बऱ्याच अंशी तिथेच होते. भाषा मराठी अशी नोंदवली तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे मिळतात, तो वेगळा आनंद!

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते. पीडीएफ दाखवणाऱ्या काही प्रणाली हा मागचा मजकूर पाहतच नाहीत, त्या आकारांकडूनच अक्षरे घेतात. म्हणून फाइल निदान दोन वेगवेगळ्या प्रणालींत उघडून पाहावी.

तपासताना होणारी एक चूक मी स्वतः वर्षानुवर्षे करत आले. फाइल तयार झाली की शोधाच्या खिडकीत ‘मराठी’ टाइप करायचे, शब्द सापडला की समाधान मानायचे. पण ‘मराठी’ या शब्दात जोडाक्षर नाही, रफार नाही, पहिली वेलांटी नाही. जसा लिहिला तसाच तो दिसतो, म्हणून बिघडलेल्या फाइलमध्येही सापडतो. आता मी मजकुरातल्या ‘निर्मिती’ या शब्दाने तपासते. पहिली वेलांटी दोनदा, रफार त्यातल्या एका वेलांटीच्या अक्षरावर, आणि शेवटी दुसरी वेलांटी. लबाडीला जागाच नाही. जोडीला ‘शिक्षण’ आणि ‘तऱ्हा’. पॉपलर या मुक्त संचातली ‘पीडीएफफॉन्ट्स’ ही छोटी आज्ञा प्रत्येक फॉन्टपुढे सांगते की तो फाइलमध्ये बसवला आहे की नाही आणि त्याला युनिकोडचा तक्ता आहे की नाही. ‘यूनी’च्या रकान्यात ‘नो’ दिसले, तर त्या फॉन्टमधला मजकूर नीट बाहेर येण्याची आशा फार कमी. मात्र तिथे ‘येस’ असले तरी क्रम बरोबर असेलच असे नाही, म्हणून कॉपी-पेस्टला पर्याय नाही.

याहून मोठे दुखणे युनिकोडपूर्व फॉन्टचे आहे. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. पडद्यावर ‘प्रस्तावना’ दिसते, पण फाइलच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची खिचडी असते. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, तरी अनेक ठिकाणी आजही याच फॉन्टवर काम चालते. हात बसलेला आहे, जुन्या फाइली त्यातच आहेत, हे मी समजू शकते. पण अशा फाइलींतून काढलेल्या पीडीएफ वाचकांच्या हाती जातात तेव्हा त्यांतले एक वाक्यही शोधून सापडत नाही. मग कोणी ओसीआर करून, म्हणजे पानाच्या चित्रावरून संगणकाला अक्षरे ओळखायला लावून, मजकूर परत मिळवू पाहतो आणि ध-घ, भ-म यांच्या गोंधळात अडकतो. जो मजकूर एकदा अचूक टाइप झाला होता, तो पुन्हा चित्र म्हणून वाचायची वेळ यावी, याचे मला फार वाईट वाटते.

छपाईकडे फाइल देताना ‘कर्व्ह करून पाठवा’ असे सांगितले जाते. अक्षरांच्या रेषा केल्या की प्लेटवर फॉन्ट बदलण्याची धास्ती उरत नाही, तेव्हा छपाईपुरते ते सोयीचे आहे. पण ती फाइल तशीच वाचकांना दिली जाते, आणि तिच्यात मजकूर नावाची वस्तूच उरलेली नसते. माझी कळकळीची विनंती आहे की छपाईची पीडीएफ आणि वाचनाची पीडीएफ या दोन वेगळ्या फाइली समजाव्यात. वाचनाच्या फाइलमध्ये फॉन्ट बसवलेले असावेत, मजकूर मजकूरच राहावा, आणि वर्ड किंवा लिब्रेऑफिसमधून काढत असाल तर प्रिंटच्या वाटेने न जाता निर्यातीची सोय वापरून टॅगचा (शीर्षक, परिच्छेद अशी रचना सांगणाऱ्या खुणांचा) पर्याय चालू ठेवावा. प्रिंटच्या वाटेने गेलेल्या फाइलमध्ये सहसा बुकमार्क आणि टॅग टिकत नाहीत. इनडिझाइन या पानमांडणीच्या प्रणालीत जोडाक्षरांचे पाय मोडत असतील तर ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडला आहे का, ते आधी पाहावे. अर्थात ती चूक डोळ्यांना दिसते, म्हणून दुरुस्तही होते.

जतनासाठीच्या पीडीएफ/ए या मानकाबद्दलही गैरसमज आहे. २००५ साली आलेल्या त्याच्या पहिल्या भागात ‘बी’ पातळी फक्त दिसण्याची हमी देते, मजकुराची नाही. २०११च्या दुसऱ्या भागात ‘यू’ पातळी आली, ती युनिकोडचा तक्ता मागते. वाचनाचा क्रम आणि रचना यांची अट ‘ए’ पातळीत आहे. जुनी नियतकालिके जतन करणाऱ्यांनी ‘पीडीएफ/ए केले’ एवढ्यावर न थांबता कोणती पातळी, ते विचारावे.

आता आपल्याकडे एक मागणे. आपल्या अंकाची जी पीडीएफ वाचकांना मिळते, तिच्यातला एखादा परिच्छेद कॉपी करून आपल्याच कार्यालयात कोणी तरी नोटपॅडमध्ये पेस्ट करून पाहावा. वेलांटी आधी आली, तर आपल्या तांत्रिक विभागाला ते दाखवावे. आणि शक्य झाले तर जे वाचक डोळ्यांनी वाचत नाहीत, त्यांना फाइलमधली अडचण कळवता येईल असा एक पत्ता अंकात छापावा. मला माझी चूक कळली ती एका फोनमुळे, आणि तो करण्यापूर्वी त्या शिक्षकांनी माझा क्रमांक मिळवण्यासाठी चार ठिकाणी विचारणा केली होती.

आपली,
एक अक्षरजुळणीकार वाचक