वरच्या मजल्यावरच्या काकूंना

काकू,

उन्हाळ्यात झेपेल असा योग शिकवलात, त्याबद्दल तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "हं, बास, चहा घे" म्हणून विषय संपवता. म्हणून हे सगळ्यांच्या देखत लिहितेय.

आमचा धंदा चटणीचा. पाऊस लागायच्या आत मिरच्या कडक वाळायला हव्यात, म्हणजे सगळं काम ऐन चैत्र-वैशाखात. ब्याडगी, संकेश्वरीचे देठ मोडायचे, खोबरं-तीळ भाजायचे, कांदा तळायचा, मग डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या गिरणीत, जायचं. वर पत्रा तापलेला, खाली शेगडी पेटलेली. संध्याकाळी डोकं ठणकायचं, पाय सुजायचे आणि रात्री झोप नाही. हे दुखणं धंद्याबरोबरच आलंय असं आम्ही सगळ्याजणी धरून चाललो होतो.

त्यात आपलं कोल्हापूर पैलवानांचं. १९१२ पासून खासबागेचं कुस्तीचं मैदान आहे इथं. घाम निघाला नाही तर तो व्यायामच नव्हे, असं लहान पोरही सांगेल. तुम्ही मात्र उलटंच बोललात. "दिवसभर घामच गाळताय की, सकाळी आणखी कशाला? मे महिन्यात भस्त्रिका, कपालभाती असले जोरानं श्वास मारायचे प्रकार नकोत. सूर्यनमस्कार घालायचे तर थोडे, सावकाश, उजाडताना." काही करू नका असं सांगणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं, आणि खरं सांगते, निम्मा फरक तिथंच पडला.

मग शीतली शिकवलीत. जीभ बाहेर काढून तिची नळी करायची, तिच्यातून श्वास आत ओढायचा, तोंड मिटायचं, नाकानं सोडायचा. कोंडून धरायचा नाही. आमच्यातल्या दोघींची जीभ काही केल्या वळेना, तेव्हा तुम्ही म्हणालात, ते सगळ्यांना जमतंच असं नाही, त्यात तुमचा दोष नाही, तुम्ही सीत्कारी करा. ती आम्हाला लगेच जमली. तांबडा रस्सा ओरपल्यावर आपण जे 'स्सऽऽ' करतो, तेच दात अलगद जुळवून, सावकाश करायचं! त्या दिवशी गच्चीवर किती हसलो होतो.

ओल्या जिभेवरून हवा जाते, ओल उडते, म्हणून तोंडाला गार लागतं, एवढंच तुम्ही सांगितलंत. अंगातली उष्णता पळते, अमुक आजार बरा होतो, असलं काही नाही. हठप्रदीपिका या योगाच्या जुन्या ग्रंथात शीतलीनं ताप, पित्त, भूक, तहान जाते आणि विषही उतरतं असं लिहिलंय, हे वाचून दाखवलंत आणि वर म्हणालात, "म्हणून कुणी सापाशी खेळायला जाऊ नका." याच कारणानं माझा तुमच्यावर भरवसा बसला. गार सरबतापासून गादीपर्यंत सगळं 'औषधी' म्हणून विकायच्या दिवसांत हे फार मोठं वाटतं मला.

डंकावर किंवा शेगडीपाशी शीतली करायची नाही, हीसुद्धा तुमचीच ताकीद. नाक धूळ अडवतं, तोंड अडवत नाही. मिरचीची तिखट धूळ सरळ घशात जाईल. दम्याच्या बाईला तर तुम्ही ती दिलीच नाहीत. तिला भिंतीला पाय टेकवून उताणं पडायला सांगितलंत. आता दुपारचं काम उरकलं की आम्ही सगळ्याच तशा पडतो. सून म्हणते, घरात पायच पाय दिसतात. सूज उतरते आणि मुख्य म्हणजे त्या वेळात कुणी हाक मारत नाही!

एक गोष्ट मात्र विसरणार नाही. मिरच्या निवडताना आमच्याकडची एकजण भोवळ येऊन बसली, तेव्हा तुम्ही धावत खाली आलात. मला वाटलं, आता काकू श्वास घ्यायला लावणार. तुम्ही तिला सावलीत निजवलंत, पाय उशीवर ठेवलेत, ओल्या फडक्यानं अंग पुसलंत, पंखा लावलात. शुद्धीवर आहे, नीट बोलतेय, हे बघूनच मीठ-साखरेचं पाणी घोटघोट दिलंत. आणि आम्हाला बजावलंत, "अंग भाजतंय आणि बोलणं बरळल्यासारखं झालं तर पाणीसुद्धा पाजू नका, आधी १०८ ला फोन. तिथं योगासनांचं काम नाही." शिकवणारं माणूस आपल्या विद्येची हद्द इतकी स्वच्छ सांगतं, असं मी फार कमी पाहिलंय.

झोप आता लागते. डोकं अधूनमधून ठणकतं, नाही असं नाही. माठातलं पाणी आणि जिरं घातलेलं ताक शेगडीपासून हाताच्या अंतरावर ठेवायची सवय लागली, तीही तुमच्यामुळंच.

फी घेत नाही म्हणता, तर यंदाची चटणी तुमच्यासाठी वेगळी काढलीय, ब्याडगी जास्त, तिखट बेतानं. बरणी धाडते. आणि डंकावरच्या बायका विचारत होत्या, "आम्ही आलो तर चालंल का?" पुढच्या सोमवारपासून पाठवू का? सतरंज्या आमच्या आम्ही आणतो.

तुमची,
खालच्या मजल्यावरची चटणीवाली