आई-बाबांना, बालीहून

सानूर, बाली
२० सप्टेंबर २०२०

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणत आले, पण ते खरं नव्हतं. एप्रिलपासून मला निम्माच पगार मिळतोय आणि गेले दोन महिने हॉटेलात महिन्याचे दहाच दिवस काम आहे. तिकडे मालवणात बाबांची होडी किनाऱ्यावर पडून, त्यात माझं हे कसं सांगू, म्हणून गप्प बसले.

यंदा पाडवा आणि न्येपी, म्हणजे इथलं नववर्ष, एकाच दिवशी आले होते, २५ मार्चला. इथेही शके १९४२च लागलं. न्येपीला दिवा लावायचा नाही, चूल पेटवायची नाही, घराबाहेर पडायचं नाही. विमानतळसुद्धा दिवसभर बंद. एरवी दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा सुरू होतं. यंदा कोरोनामुळे सुरू झालंच नाही. २ एप्रिलपासून परदेशी प्रवाशांना बंदी आली. गेल्या वर्षी बाहेरच्या देशांतून साठ लाखांवर माणसं आलेलं हे बेट! आता कुटाच्या रस्त्यावर शटर ओढलेल्या दुकानांच्या रांगा आहेत. ११ सप्टेंबरला परदेशी पाहुणे येणार म्हणून आम्ही खोल्या झाडून ठेवल्या होत्या, तेही पुढे ढकललं.

पण त्याच बंद शटरसमोर रोज सकाळी माडाच्या पात्याची इवलीशी टोपली ठेवलेली असते. तिला चनांग म्हणतात. आत फुलं, चिमूटभर भात, वर एक उदबत्ती. गिऱ्हाईक नाही, गल्ल्यात पैसा नाही, तरी ती चुकत नाही. आई, तू उंबऱ्यावर रांगोळी काढतेस ना, तसंच वाटतं मला. कामावर जाताना मी मुद्दाम त्याच रस्त्याने जाते.

बाबा, हे तुमच्यासाठी. समोरच्या लेंबोंगान बेटावरचे लोक पर्यटकांना फिरवण्यासाठी शेवाळाची शेती सोडून बसले होते, ते पुन्हा पाण्यात उतरलेत. ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात खुंट रोवायचे, दोऱ्या ताणायच्या, त्यांना शेवाळाचे तुकडे बांधायचे. महिना-दीड महिन्यात काढून किनाऱ्यावर वाळवायचं. भाव फारसा नाही, पण चूल पेटते. आमच्या हॉटेलचा एक ड्रायव्हरही गेलाय. त्याच्या बोटांना मिठाने चिरा पडल्यात. त्या बघितल्या आणि तुमचे हात आठवले.

घरी ये म्हणता. मलाही यायचंय. पण आत्ता निघाले तर परत इथे पाऊल ठेवायला मिळणार नाही, आणि काम सुरू होईल तेव्हा माझी जागा गेलेली असेल. घरमालकीण तीन महिन्यांचं भाडं मागत नाहीये. "पाहुणे आले की दे," म्हणते. म्हणून राहतेय.

या महिन्यापासून पैसे निम्मेच येतील. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यातून आधी आणा. होडीची डागडुजी नंतर बघू. आणि तुमच्याकडेही काही लपवलेलं असेल तर सांगा.

बुधवारी इथे गालुंगान झाला. पितर घरी येतात, दारोदार वाकलेले उंच बांबू उभारतात, थेट गुढीसारखे. तुमची सर्वपित्री त्याच्या दुसऱ्याच दिवशी होती. येत्या शनिवारी पितरांना निरोप, त्या दिवशी पिवळा भात असतो. मालकीणबाईंनी मला जेवायला बोलावलंय. आल्यावर फोन करते.

तुमची लेक