पेटीवाल्या मास्तरांचे जाहीर आभार

आदरणीय मास्तर,
स. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही पेटीचा भाता ओढता आणि विषय संपवता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

ऊसतोडीला निघालेल्या घरावरचं गाणं तुमच्याकडे आणलं, तेव्हा ते माझ्या लेखी पुरं झालं होतं. 'गाडी निघाली फडाला, घर राहिलं मागं गं.' ओळीची आठ अक्षरं, केरवा तालाच्या आठ मात्रा, कुठंच अडत नव्हतं. तुम्ही ते एकदा सरळ म्हणून पाहिलंत. दुसऱ्यांदा 'घर'वर आलात आणि तिथंच सूर धरून राहिलात. 'राहिलं मागं' आलं ते सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, उलटून गेल्यावर. बैलगाडीतल्या बाईची मागं वळलेली मान मला तिथं दिसली. कागदावर ती नव्हती. शेवटचा 'गं' मग मीच काढून टाकला, तुमच्या सुराला जागा हवी होती.

आणि ते दुसरं कडवं! 'कोरड्या साऱ्या विहिरी' ही ओळ तुम्ही तार षड्जावर, वरच्या 'सा'वर नेलीत. दोनदा गायलात आणि म्हणालात, "बाई, शब्द बरोबर हाय, पण वर गेल्यावर गळा आवळायलाय. 'आ'कार असलेलं कायतरी द्या." 'विहिरी'तल्या ईकारावर वरचा सूर बारीक पडत होता. मी शब्द शोधत बसले आणि सापडला तो 'बारवा'. 'कोरड्या साऱ्या बारवा.' अक्षरं तेवढीच, पण आता आवाज मोकळा सुटला. शिवाय विहीर कुठल्याही मुलखातली असू शकते. बारव म्हटलं की वालूरची दगडी पायऱ्यांची बारव डोळ्यांसमोर येते, आपल्या परभणीकडची. एकटी लिहीत बसले असते तर 'विहिरी'वर समाधान मानून पुढं गेले असते. तुमच्या चालीनं मला माझ्याच मातीतला शब्द काढायला लावला.

उलट बाजूनंही काही घडलं असावं, असं मला वाटतं. भजनाच्या ठेक्यात इतकी वर्षं काढलेल्या तुमच्या हाताला भरगच्च चाल आवडते. माझी तिसरी ओळ पाचच अक्षरांची होती. ती भरून द्या, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. उरलेल्या मात्रा तुम्ही रिकाम्या सोडल्यात, पेटी थांबवलीत, नुसता ढोलकीचा ठेका चालू ठेवलात. तुमच्या आधीच्या कुठल्याच चालीत मी अशी शांतता ऐकली नव्हती.

मोठ्या जोड्यांबद्दल आपण किती बोलायचो! 1955च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं आणि वर्षभरात 56 गाणी झाली. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल बांधायची आणि पुढचा आठवडा उभाच. आपल्या पळसखेडच्या महानोरांचे रानातले शब्द 1977च्या 'जैत रे जैत'मध्ये हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींत गेले. ते शब्द आज नुसते वाचायला घेतले तरी मला चालीसकटच ऐकू येतात. त्यांची उंची कुठं आणि आपण कुठं, पण कामाची रीत तीच आहे. तुम्ही माझ्या ओळीला कधी 'छान' म्हणून सोडून दिलं नाहीत. खोडूनही टाकलं नाहीत. गाऊन दाखवलंत, आणि काय कमी आहे ते माझं मला ऐकू दिलंत. असं ऐकणारं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही.

कार्यक्रमात निवेदक माझं नाव घेतात, गाणाऱ्या मुलीचं घेतात, चाल कुणाची हे राहून जातं. पुढच्या पत्रिकेत आपली दोघांची नावं एकाच ओळीत छापायला सांगितलं आहे. कृपा करून नाही म्हणू नका. पेरणीच्या गाण्याचा मुखडा सोबत पाठवते आहे. अंतरा मुद्दाम लिहिलेला नाही, आधी तुमची चाल ऐकू द्या.

तुमची,
शाळेतली बाई