मंत्रिमहोदय, पोरांना हे शिकवतंय कोण?

मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री, नवी दिल्ली
स.न.वि.वि.

आमची मुलगी परवा आरटीआरच्या, म्हणजे वैमानिकाच्या रेडिओ परवान्याच्या, तोंडी परीक्षेत नापास झाली. ट्रान्झिशन अल्टिट्यूड किती, या प्रश्नाला तिनं १८,००० फूट सांगितलं. हा आकडा अमेरिकेचा. आपल्याकडे तो विमानतळागणिक वेगळा, चार्टवर छापलेला. पण तिच्या फ्लाइंग संस्थेनं अमेरिकी पुस्तकाच्या झेरॉक्स वाटल्या होत्या. प्रवेशावेळी "आरटीआर आमच्याकडून पक्की" म्हणाले. आता फोन उचलत नाहीत.

आपण विमानानं बरेच फिरता, तरी सांगतो. ट्रान्झिशन अल्टिट्यूड म्हणजे एक ठरलेली उंची. तिथपर्यंत वैमानिक अल्टिमीटरवर, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्रावर, स्थानिक हवेचा दाब, म्हणजे क्यूएनएच लावतो आणि उंची फुटांत सांगतो. त्यावर गेलं की सगळ्यांनी १०१३ हेक्टोपास्कल हा एकच ठरलेला दाब लावायचा, आणि त्यावरून येणारी उंची फ्लाइट लेव्हल म्हणून बोलायची. उतरताना एटीसी, म्हणजे जमिनीवरचा हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष, क्यूएनएच देतं, वैमानिक तो परत म्हणून दाखवतो. एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे सुमारे २८ फूट. मे २०२२ मध्ये पॅरिसला एटीसीनं १००१ ऐवजी १०११ सांगितलं, वैमानिकांनी ऐकलं तेच परत म्हटलं. म्हणजे यंत्र दाखवत होतं त्यापेक्षा विमान सुमारे २८० फूट खाली. पावसात धावपट्टी दिसेना. तिच्या दीड किलोमीटर अलीकडे विमान जमिनीपासून ६ फुटांवर आलं आणि तसंच वर उठलं. तिथं शिकलेली माणसं होती हो! आमच्याकडे झेरॉक्स.

मागणी एवढीच: संस्था काय शिकवतात ते तपासा, आणि भारतीय नियमांचं साहित्य फुकट द्या. बाकी आमचं आम्ही बघतोय. जमीन बँकेकडे आहे, हप्ता दर महिन्याला न चुकता येतो, मुलगी खोलीबाहेर येत नाही, भावकी विचारते "विमान कुठवर आलं?" अशी पोरं देशात हजारोंनी असतील, खरा आकडा तुमच्याकडे असेल तर छापा.

१९३४ चा विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम आला, आरटीआर दूरसंचार खात्याकडून तुमच्याकडे आली. पाटी बदलली, अभिनंदन. हरियाणात चरखी दादरीला १९९६ मध्ये दोन विमानं हवेत धडकून ३४९ माणसं गेली, तेव्हा कुठं टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. माणसं मेल्याशिवाय या देशात फाईल हलतच नाही का? रस्ता असो, पूल असो, विमान असो, आधी पंचनामा, मग नियम.

परीक्षेची फी पुन्हा भरतोय. संस्थेची तपासणी कधी होणार, ती तारीख कळवा.

आपला,
एक बाप, जि. सातारा