स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या ग्रामीण रुग्णालयात कधी मिळणार? आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार साहेब,

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार आहे, त्याला कोणी बोलत नसतानाही आवाज ऐकू येतात. नातेवाईक आधी म्हणाले बाहेरची बाधा आहे, देवऋषीकडे न्या, आणि गोळ्या चालू झाल्यावर तेच म्हणायला लागले की आता बरा आहे ना, मग दिवसभर लोळतो कशाला, आळशी झालाय नुसता. या दुसऱ्या बोलण्याने तो जास्त खचतो.

काय हवंसं वाटावं, कशासाठी उठून धडपडावं हे मेंदूतलं एक जाळं ठरवतं, डॉक्टर त्याला रिवॉर्ड नेटवर्क म्हणतात, आणि ते चालतं डोपामिन या मेंदूतल्या रसायनावर. कशाकडे लक्ष द्यायचं हेही डोपामिनच सुचवतं. स्किझोफ्रेनियात ते भलत्या वेळी उसळतं आणि मग डोक्यातलाच एखादा शब्द इतका महत्त्वाचा वाटतो की त्याच्याकडे दुर्लक्ष करताच येत नाही, असं बरेच संशोधक मानतात. आवाज ऐकणाऱ्या पेशंटमध्ये हे जाळं बाकीच्या मेंदूशी कसं जोडलेलं असतं हे एमआरआय करून तपासतात, निष्कर्ष सगळे जुळत नाहीत अजून. पण याच जाळ्यात बिघाड झाला की आंघोळ, जेवण, मित्राचा फोन, कशाचीच ओढ राहत नाही. नेहमीच्या गोळ्या डोपामिनला अडवतात, त्याने आवाज कमी होतात, ओढ परत येईलच असं नाही. हा आळस नाही साहेब, आजार आहे, आणि हे घरच्यांना समजावून सांगायला तालुक्याला कोणीच नसतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १८ म्हणतं की आवश्यक औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर सगळीकडे फुकट मिळाली पाहिजेत, हाफवे होम, म्हणजे बरं होत असलेल्या पेशंटना काही काळ राहायची सोय, तीसुद्धा पाहिजे. आमच्याकडे गोळ्या संपल्या की पुढच्या महिन्यात या म्हणतात, आणि मधे गोळ्या तुटल्या की आवाज परत. दोन औषधांनी फरक पडला नाही तर क्लोझापिन देतात, त्यात पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं असतं, त्यासाठी रोजंदारीवरच्या बापाने दर वेळी जिल्ह्याला जायचं का? १४४१६ वर टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, चांगलंच आहे, पण फोनवरून रक्त काढता येत नाही.

तर प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात या गोळ्यांचा तीन महिन्यांचा साठा, तिथेच रक्त तपासणी आणि आठवड्यातून एक दिवस घरच्यांशी बोलणारा समुपदेशक, एवढं याच बजेटमध्ये करा.

आपली,
एका पेशंटची बहीण